लाल कांडी

"शालन, लाल कांडी कुठाय?"

गुरुजींनी दारातूनच विचारलं. मी सतरंजीची सुरकुती पायानं सारखी करत होते. चार वाजायला वीस मिनिटं होती.

"पिशवीत आहे, गुरुजी. सगळं आहे. तुम्ही बसा बघू."

"आधी दाखव."

मी तिन्ही कांड्या काढून टेबलावर उभ्या केल्या. हिरवी, पिवळी, लाल. कांडी म्हणजे सूत गुंडाळलेली लाकडी नळी. ती धोट्याच्या पोटात बसते आणि धोटा मागावर इकडून तिकडं पळतो. पंचगंगेच्या काठचं आमचं गाव मागांचं. इथं मूल आधी खटखट ऐकतं आणि मग अंगाई. म्हणून आमच्या बोलके मंडळाची वेळसुद्धा कांड्यांवरच चालायची. भाषण सहा मिनिटांचं. चौथ्या मिनिटाला संचालकानं हिरवी कांडी उभी करायची, पाचव्याला पिवळी, साडेपाचला लाल, आणि सहा झाले की घंटा.

घंटा पितळेची होती, लाकडी मुठीची. एका हातानं उचलली तर मनगट भरून यायचं.

गुरुजींनी लाल कांडी हातात घेऊन फिरवली, परत ठेवली, आणि पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीत, माझ्या बरोब्बर समोर जाऊन बसले. पाच वर्षं त्यांची तीच जागा.

गुरव गुरुजींनीच हे मंडळ काढलेलं. सुताला खळ लावायच्या एका सायझिंग कारखान्याच्या पोटमाळ्यावर, सुताच्या गाठोड्यांना पाठ लावून आम्ही बोलायला शिकलो. त्यांचे नियम मोजके, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. घंटा होईपर्यंत बोलणाऱ्याला कुणी तोडायचं नाही, मग तो काहीही बोलो. घंटा झाली की वाक्य अर्धं असलं तरी तिथंच थांबायचं. घंटा चुकून आधी वाजली तर उरलेली वेळ बोलणाऱ्याची. परीक्षण करणाऱ्यानं आधी दोन चांगल्या गोष्टी सांगायच्या, मगच उणीव. आणि सभा सुरू झाली, सभा संपली, हे म्हणायचा हक्क फक्त संचालकाचा. कलेक्टर आला तरी.

त्या दिवशी शंभरावी सभा होती. संचालक मी, आणि प्रमुख पाहुणा माझा भाऊ.

जयसिंग चौगुले. आमचा दादा. त्या वर्षी नगरसेवक झाला होता. नगरपालिकेच्या नव्या इमारतीत मंडळाला कायमची खोली मिळवून देतो म्हणाला होता, आणि आजच्या सभेत तो ते जाहीर करणार होता. वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांची, तो सोळाचा. त्यानं शाळा सोडली, मागावर गेला, मागांवर देखरेख करणारा जॉबर झाला. मला मात्र शिकवलं. आमच्या दारात चिंचेचं झाड होतं, आणि आई भांडी घासताना, पोळी लाटताना, कधीही, त्याच्यावर ओवी म्हणायची:

*भाऊ माझा गं दाराशी, जशी चिंचेची सावली*
*ऊन गेलं बाजूबाजूनं, मला झळ ना लागली*

ओवी माझ्या तोंडची, पण ती आई जुळवायची. खरीच होती. मला झळ लागली नव्हती.

चारला पाच कमी असताना दादा आला. पांढरा शर्ट, पांढरी पँट, कपाळाला गंध. दारात सिद्धू हुक्केरी गुलाबपाण्याची दाणी घेऊन उभा होता. सिद्धू पंचवीस-सव्वीस वर्षांचा, अंगानं किरकोळ. माग दुरुस्त करायचा. तीन महिन्यांपूर्वी तो मंडळात आला तेव्हा "मला ब… ब… बोलायचंय" एवढंच म्हणायला त्याला अर्धं मिनिट लागलं होतं.

दादानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काय रं सिद्ध्या? तूबी भाषण शिकाय लागलास? ऐकणाऱ्यांनी डबा बांधून यायचा मग!"

लोक हसले. मीही हसले. पाहुण्यांच्या विनोदाला संचालकानं हसायचं असतं. सिद्धू हसला नाही. त्याच्या हातातल्या दाणीतून पाणी सांडलं आणि दादाच्या बाहीवर पडलं.

"बघ की जरा," दादा म्हणाला आणि बाही झटकली.

सभा सुरू झाली. मी सांगते, इतकी देखणी सभा आमच्या मंडळात झाली नव्हती. हार वेळेवर, दीप वेळेवर. चहाच्या गाड्याचे अप्पा मगदूम 'माझा पहिला ग्राहक' यावर बोलायला उभे राहिले आणि दुसऱ्याच मिनिटाला "तो ग्राहक उधारीवर गेला तो गेलाच, मीबी थांबतो" म्हणून बसले. हशा झाला. दादानं मांडीवर थाप मारली. मी मनात म्हटलं, खोली मिळाली.

मग ऐनवेळच्या भाषणांची फेरी आली. तांब्याच्या लोट्यात विषयांच्या चिठ्ठ्या. यायचं, उचलायची, बोलायचं.

इथं माझी एक लबाडी होती. पाच वर्षांत ती कुणाला कळली नव्हती. नवखं माणूस बोलायला येणार असेल तर त्याच्याजोगा विषय मी एका चिठ्ठीवर लिहायची आणि तिचा एक कोपरा वर दुमडून ठेवायची. हात नेहमी वर आलेल्या कोपऱ्याकडे जातो. गाय कशी वर आलेल्या पाल्याला तोंड घालते, तसं.

सिद्धूसाठी मी लिहिलं होतं, 'माझ्या हातून झालेली एक चूक'. कारण चहाच्या वेळी तो एक किस्सा सांगायचा. बारा साड्यांचा काठ त्यानं उलटा विणला होता आणि मोर खाली मान घालून चालायला लागले होते. अडखळत सांगितलं तरी लोक पोट धरून हसायचे. शंभराव्या सभेत एक तोतरा मुलगा उभा राहतो, सगळ्यांना हसवतो, टाळ्या घेतो. पाहुण्यांवर काय छाप पडेल!

बोलायलाही मीच शिकवलं होतं त्याला. "मांडीवर ताल धर," मी सांगायची. "आई ओवी म्हणते तेव्हा कधी अडखळते का? शब्द तालाला बांधले की पडत नाहीत. तुझा ताल मागाचा. खट् खट्. त्याच्यावर एकेक शब्द ठेव." तीन महिने तो ठेवत होता.

"श्री. सिद्धू हुक्केरी," मी पुकारलं.

तो आला. लोट्यात हात घातला. वर आलेला कोपरा उचलला. वाचलं, आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. बोल.

त्याच्या उजव्या हातानं मांडीवर ताल धरला. खट् खट्.

"माझ्या हातून. झालेली. एक चूक." तो म्हणाला. एकही अक्षर अडलं नाही. "बारा साड्या. काठ उलटा. मोर सगळे. चालले खाली मान घालून. जशी काय. सासू मागनं यायला लागलीया."

पोटमाळा हसून फुटला. दादा मोठ्यानं म्हणाला, "माझ्याच देखरेखीखाली झालं हे! आठवतंय मला!"

गुरुजींनी न वळता एक बोट वर केलं. "पाहुणे, बोलणारा बोलतोय."

दादा हसत हसत गप्प झाला. सिद्धू पुढं बोलत राहिला, मालक कसा धावत आला, मोजमाप करणारी बाई कशी म्हणाली की मोर नाहीत, कोंबड्या आहेत. चार मिनिटं झाली. मी हिरवी कांडी उभी केली.

सिद्धूनं त्या कांडीकडे बघितलं. ताल थांबला. मग परत सुरू झाला, जरा जड.

"ही लहान चूक," तो म्हणाला. "चिठ्ठीत एकच सांगा म्हटलंय. एकच सांगायची. तर मोठी सांगाय पायजे."

लोक अजून हसत होते.

"संपाचा एकोणिसावा दिवस. मी सतरा वर्षांचा. कांड्या भरायचो. गावातला सगळा माग बंद. विलासदादा गुरव. रोज गेटवर बोलायचा."

हसणं अर्ध्यातच राहिलं. गावात नऊ वर्षं हे नाव कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. विलास गुरुजींचा मुलगा. एकुलता.

गुरुजी हलले नाहीत.

"दुपारी त्याला आत बोलावलं. चहा घेऊ म्हणाले. बोलणी करू म्हणाले. तो आला. आत चौघं. तिघं परगावचे. चौथा गावचा. चौथ्यानं मला सांगितलं. सगळे माग चालू कर. मी म्हटलं, मागावर सूतच न्हाई, मोडंल कायतरी. तर म्हणाला, सूत नको. आवाज पायजे."

मांडीवरचा हात आता मांडीवर नव्हता. तो टेबलाच्या कडेवर आपटत होता.

"मी बटणं दाबली. चोवीस माग. रिकामे. धडाधडा. मग त्यांनी धरलं त्याला. गुडघ्यावर लोखंडी पट्टी. एक गुडघा. मग दुसरा. तो खाली बसला. तरी बोलत होता. हाताची बोटं मागात घातली त्याच्या. तरी बोलत होता. मला ऐकू येत न्हवतं. ओठ दिसत होते. बसून बोलूया म्हणत होता. बसून बोलूया. धोट्याला पोलादाचं टोक असतंय. चौथ्यानं धोटा उचलला. ह्याचं तोंड थांबंना म्हणून. तोंडात घातला. एकदा न्हाई. लई येळा."

मागच्या रांगेत कुणीतरी बाई "आई गं" म्हणाली आणि पदर तोंडात कोंबला.

पाच मिनिटं झाली. माझ्या हातानं पिवळी कांडी उभी केली. हाताला सवय असते.

"आवाज ऐकून माणसं आली. संप मिटला म्हणून. हासत आली. खिडकीत अकरा तोंडं. मी मोजली. कोर्टात त्यातला एकेक उभा राहिला. म्हणाले, माग चालू होते, काय ऐकू आलं न्हाई. खोटं न्हवतं. मीच चालू केले होते. ही माझी चूक. त्या दिवसापासनं जिभंत माग अडकलाय. आज सांगतो. तो चौथा माणूस…"

दादानं सिद्धूकडे बघितलंच नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता. गळ्यात हार, आणि मान एवढीशी हलवली. लहानपणी मी चिंचेवर चढून बसायची आणि उतरायला घाबरायची, तेव्हा खाली उभा राहून तो अशीच मान हलवायचा. मार उडी. मी झेलतो.

मी घंटा वाजवली.

सिद्धू तोंड उघडं ठेवून थांबला. नियम म्हणजे नियम. पुढचा शब्द त्याच्या दातांमागे दिसत होता मला. मग त्यानं तोंड मिटलं आणि दोन पावलं मागे सरकला.

आणि मी काय केलं? मी माझ्या त्या गोड, सरावाच्या आवाजात म्हणाले, "धन्यवाद सिद्धू. आता परीक्षणासाठी मी आदरणीय गुरुजींना विनंती करते."

आज सव्वीस वर्षं झाली. आयुष्यात पुष्कळ वाईट बोलले असेन, पण या वाक्याइतकं वाईट नाही.

गुरुजी उठले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. सभेकडे तोंड करून उभे राहिले.

"नियमाप्रमाणे आधी दोन चांगल्या गोष्टी," ते म्हणाले. "पहिली. सिद्धू एकदाही अडखळला नाही. दुसरी…" इथं ते सिद्धूकडे वळले. "दुसरी अशी की, पोलिसांनी मला सांगितलं होतं, विलास रडत होता, पाया पडत होता. तो शेवटपर्यंत बोलत होता हे मला माहीत नव्हतं. हे चांगलं सांगितलंस, बाळ."

गुरुजी माझ्याकडे वळले.

"आता उणीव. ती भाषणात नाही, संचालनात आहे. पिवळी कांडी उभी आहे. लाल कांडी आडवी आहे."

तीस माणसांनी माझ्या टेबलाकडे बघितलं. लाल कांडी पडून होती. घरंगळत माझ्या वहीला टेकली होती.

"घंटा चाळीस सेकंद आधी वाजली," गुरुजी म्हणाले. "ती वेळ बोलणाऱ्याची. सिद्धू, ये. वाक्य पुरं कर."

दादा उठला. "बास झालं, गुरुजी. शंभरावी सभा हाय का मयताचा दिवस? आनंदाच्या टायमाला कशापायी जुनं उकरताय?"

"पाहुणे, बसा."

सिद्धू पुढं आला. मांडीवर हात. खट् खट्. त्यानं तोंड उघडलं.

दादानं माझ्या टेबलावरची घंटा उचलली. किती सहज उचलली! माझं मनगट भरून यायचं. त्यानं ती तशीच फिरवली आणि सिद्धूच्या तोंडावर हाणली.

घंटा वाजली. टण्ण.

सिद्धू टेबलावर कोसळला, टेबलासकट खाली आला. दादानं गुडघा त्याच्या छातीवर ठेवला आणि परत हाणली. टण्ण. जबड्याचं हाड मोडल्याचा आवाज घंटेच्या आवाजाआड गेला, पण मी जवळ होते, मला आला. वाळल्या फोकासारखा. परत. टण्ण. प्रत्येक घावाला घंटा वाजत होती आणि प्रत्येक घंटेला वाटत होतं, आता थांबायला हवं, घंटा झाली. गुरुजी मध्ये पडले. दादानं त्यांना कोपरानं झटकलं. ते भिंतीवर आपटले, चष्मा फुटला, भुवईतून रक्त आलं.

तीस माणसं बसून होती. त्यातली काही नऊ वर्षांपूर्वी खिडकीत होती, आज खुर्चीत होती, एवढाच फरक.

दादा उठला. हार तुटून झेंडूची फुलं सतरंजीवर पडली होती. पांढऱ्या शर्टावर, थेट खिशापर्यंत, लाल शिंतोडे. धापा टाकत त्यानं सभेकडे बघितलं.

"सभा संपली," तो म्हणाला. "उठा. घरला जावा."

आणि लोक उठायला लागले. खुर्च्या सरकल्या. अप्पा मगदुमांनी चपला शोधायला खाली बघितलं.

सिद्धू सतरंजीवर पडला होता. तोंडाची खालची बाजू जागेवर नव्हती. त्याला बोलायचं होतं. रक्ताचे बुडबुडे येत होते, शब्द येत नव्हता. पण उजवा हात अजून जमिनीवर आपटत होता. खट्. खट्. माझ्याकडे बघत. मी शिकवलेला ताल.

त्याच्या हाताजवळ लाल कांडी पडली होती. मी वाकले, उचलली. सूत भिजलं होतं. टेबल सरळ केलं आणि त्यावर ती उभी केली.

"सभा संपलेली नाही," मी म्हणाले. "खाली बसा."

आणि बसले! सगळे बसले. कदाचित पाच वर्षांची सवय. कदाचित त्यांनाही कुणी बसा म्हणायची वाट होती.

"शाले," दादा म्हणाला. "गप."

"पाहुणे, बोलणारी बोलतेय."

मी टेबलाच्या कडेवर हात ठेवला आणि ताल धरला. त्याशिवाय मलाही जमलं नसतं.

"संपाच्या एकोणिसाव्या दिवशी, तिसऱ्या प्रहरी माझा भाऊ घरी आला. आई देवळात गेली होती. शर्ट पांढरा होता. छातीवर रक्त होतं. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, यात्रेचं बोकड कापलं. यात्रा होऊन महिना झाला होता. मी काही बोलले नाही. शर्ट गार पाण्यात भिजवला. मीठ चोळलं. तीन पाण्यांत रक्त गेलं. खिशात काहीतरी खडा लागला. काढून बघितलं. दात होता. माणसाचा. मी तो टाकला नाही. आमच्या दारातल्या चिंचेच्या मुळाशी पुरला. अजून तिथंच आहे. मला कोर्टात कुणी बोलावलं नाही, म्हणून मी गेले नाही. तो चौथा माणूस माझा भाऊ. जयसिंग यशवंत चौगुले."

मी हात पुढं केला. "घंटा द्या. वेळ झाली."

त्यानं घंटा दिली नाही. त्यानं मारलं. डाव्या कानावर, घंटेच्या काठानं. मी पडले तेव्हा मला आवाज ऐकू आला नाही, फक्त दिसलं. अप्पा मगदूम चपला टाकून दाराकडे गेले आणि आतून कडी घातली. मागच्या रांगेतली बाई उठली. मग एकेक. खुर्च्या पडल्या. दादाच्या अंगावर माणसं पडली, नुसती पडत गेली, सुताच्या गाठोड्यांसारखी, आणि त्यांत नऊ वर्षांपूर्वीच्या खिडकीतलीही काही तोंडं होती. त्यांनी त्याला मारलं नाही असं मी म्हणणार नाही. खूप मारलं. पोलीस आले तेव्हा त्याचा एक डोळा मिटलेला होता आणि दुसऱ्यानं तो मला शोधत होता.

पुढचं सगळं पुढं झालं. चिंचेच्या मुळाशी खणलं, दात निघाला. सिद्धूचा जबडा तारांनी बांधला. त्यानं कोर्टात साक्ष दिली, कागदावर लिहून आणि थोडी बोलून. दादाला जन्मठेप झाली. आई त्यानंतर अकरा वर्षं जगली आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही. ओवीही म्हणाली नाही. चिंचेखाली गवतसुद्धा उगवत नाही, हे तिच्या ओवीत कधी आलं नव्हतं.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो त्या संध्याकाळचा दवाखान्याचा व्हरांडा. सिद्धूला आत नेलं होतं. माझ्या कानाला पट्टी. गुरुजी बाकाच्या दुसऱ्या टोकाला, भुवईला टाके, चष्म्याविना. ते माझ्या डाव्या बाजूला होते, म्हणून ते बोलले तरी मला कळायचं नाही. मी वळून वळून त्यांच्या ओठांकडे बघत होते.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. "चौथा कोण ते?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"मग मला मंडळात का बोलावलंत?"

"सगळ्यांनाच बोलावलं," ते म्हणाले. "कोर्टात अकरा जण मुके उभे राहिले, शालन. मला त्यांचा राग आला नाही. मला वाटलं, यांना कुणी बोलायला शिकवलंच नाही. मी मास्तर. मला दुसरं काय येतं? म्हटलं, गावाला बोलायला शिकवू. मध्ये कुणी तोडणार नाही अशी जागा देऊ. म्हणजे कधीतरी कुणीतरी बोलेल. पाच वर्षं काय काय ऐकलं! आंबा, गुलाब, माझा पहिला ग्राहक. दर सभेला वाटायचं, आज."

आतून सिद्धूचा आवाज आला. शब्द नव्हता, नुसता आवाज.

मी म्हणाले, "गुरुजी, माझं परीक्षण राहिलं."

ते सरळ बसले. "पहिली चांगली गोष्ट. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. दुसरी. लाल कांडी उभी करून बोललीस."

"आणि उणीव?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला सोसला असता.

"नऊ वर्षं उशीर," ते म्हणाले.

माझ्या मांडीवर पिशवी होती. तिच्यात तिन्ही कांड्या, गर्दीत मी कशा गोळा केल्या मला आठवत नाही. हिरवीवर रक्त होतं, पिवळीवर होतं, लालवर दिसत नव्हतं पण हाताला चिकटत होतं. गुरुजींनी ते बघितलं. मास्तर ते, वस्तू जागेवर लागायच्या त्यांना.

"धुऊन घे त्या," ते म्हणाले. "नळ आहे तिकडं."

"नाही, गुरुजी," मी म्हणाले. "हवालदार पंचनाम्याला येणार आहेत. या वेळी मी काही धुणार नाही."

गुरुजी भिंतीला हात लावत उठले, बाकाला वळसा घालून आले, आणि माझ्या उजव्या बाजूला बसले, ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला.